सव्वाबारा इंच आणि वर एक सूत

मागच्या अंकात मी जाता जाता एका ओळीत लिहून गेलो की माझ्या घरचं रेकॉर्ड्सचं कपाट दोनदा मोडून तिसऱ्यांदा केलंय, आणि या महिन्यात सुई-बेल्ट-ॲम्पचे प्रश्न राहिले बाजूला, निम्मी पत्रं फर्निचरचीच आली. त्यात पुन्हा बरेचसे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले. चला, या वेळी तेच घेऊ.

प्रश्न : माझ्याकडे साधारण २८० रेकॉर्ड्स आहेत, जवळजवळ सगळ्या इलेक्ट्रॉनिक. नवीन फ्लॅटचं काम चालू आहे. इंटिरिअर डिझायनर म्हणतोय की हॉलच्या भिंतीवर चार-चार फुटांची दोन फ्लोटिंग शेल्फं करू, खालून एलईडीची पट्टी, एकदम स्लीक. बायकोला फार आवडलंय. मलाच उगाच धाकधूक वाटतेय. करू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : उगाच नाही हो, बरोबर वाटतेय धाकधूक. आधी एक काम करा, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि त्यावर एक एलपी कव्हरसकट ठेवा. पाव किलोच्या आसपास भरेल. दोन तबकड्यांचा गेटफोल्ड (पुस्तकासारखं उघडणारं कव्हर) असेल तर जवळपास अर्धा किलो. आता एका फुटात, बोट घालून चाळता येईल इतकी जागा सोडून, पासष्ट-सत्तर रेकॉर्ड्स बसतात, म्हणजे फुटाला सोळा-सतरा किलो झाले, आणि चार फुटांच्या फळीवर पासष्ट ते सत्तर. धडधाकट माणूस झाला तो! त्या स्लीक शेल्फवर तुमच्या सासऱ्यांना बसवाल का, एवढंच डिझायनरला विचारा.

आणि ते वजन भिंतीपासून फूटभर बाहेर लटकणार. फ्लोटिंग म्हणजे काय, भिंतीत सळया घुसवायच्या आणि त्यांच्यावर पोकळ फळी चढवायची. जुन्या विटेच्या भिंतीत एक वेळ निभावलं असतं, पण नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बहुतेक त्या हलक्या पांढऱ्या एएसी ब्लॉकच्या असतात, त्यात साधा प्लग ठोकला तर तो वर्ष-सहा महिन्यांनी हळूच सैल होतो आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. फोटोफ्रेम, दोन-चार पुस्तकं, मनी प्लांट, याला फ्लोटिंग शेल्फ उत्तम. रेकॉर्ड्सना नको.

दुसरी गोष्ट लांबीची, आणि ही सुतारही कधीकधी विसरतात. फुटाला वजन तेवढंच ठेवून फळीची मोकळी लांबी दुप्पट केली तर ती दुप्पट वाकत नाही, सोळापट वाकते. चार फुटी फळीला मध्ये आधार नसेल तर तिला पोट सुटणारच, प्लाय कितीही महाग आणा. म्हणून दर पंधरा-सोळा इंचांवर उभा पार्टिशन हवाच. त्याने वजन थेट खाली जातं आणि रेकॉर्ड्स तिरप्याही पडत नाहीत (तिरप्या पडून राहिल्या की वाकतात, आणि वाकलेली रेकॉर्ड सरळ करायचे यूट्यूबवरचे उपाय कृपा करून करू नका).

आता माझी फजिती ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिलं कपाट केलं तेव्हा मिस्त्रीला मी सांगितलं, रेकॉर्ड बारा इंचाची असते. त्यानं बारा इंच खोलीचे कप्पे केले, पुढे सरकते दरवाजे, मस्त सनमायका. सगळ्या रेकॉर्ड्स लावल्या आणि दरवाजा सरकेना, कारण तबकडी बारा इंचाची असते, कव्हर नसतं! कव्हर भरतं सव्वाबारा इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या एका सुतानं माझे दरवाजे गेले. आणि मिस्त्री बारा इंचाला इतक्या आनंदानं हो का म्हणाला तेही मला नंतर उमगलं, प्लायचा शीट असतो आठ बाय चार फुटांचा, चार फुटांत बारा-बाराच्या चार पट्ट्या निघतात, तेरा इंच म्हटलं की तीनच निघतात आणि नऊ इंचांची कातरण हातात राहते. तेव्हा मिस्त्री ‘साहेब, बारा पुरे होतात’ म्हणाला तर हसा आणि तेराच करा. उरलेल्या नऊ इंचांतून मधले पार्टिशन निघतात, ते पुढून थोडे आत राहिले तरी काही बिघडत नाही, उलट छान दिसतात.

दुसरं कपाट मी रेडिमेड आणलं, पार्टिकल बोर्डचं, कोणाचं ते सोडा. पुण्यातला एक पावसाळा बाहेरच्या भिंतीला टेकून काढला आणि खालच्या कडा शिळ्या ब्रेडसारख्या फुगल्या.

तर तुमच्यासाठी : जमिनीवर उभं राहणारं, बुटकं, दोन मजली युनिट. कप्प्याची आतली उंची साडेतेरा इंच, म्हणजे प्लास्टिकचं बाहेरचं कव्हर घातलेली रेकॉर्डसुद्धा बोटानं सहज निघते. खोली तेरा, रुंदी पंधरा. १८ किंवा १९ एमएमचा बीडब्ल्यूपी (पाण्याला दाद न देणारा) प्लाय, ज्यावर आयएस ७१० छापलेलं असतं तो. असे तीन कप्पे खाली आणि तीन वर केले की सहा कप्प्यांत निवांत ४५० बसतात, २८० आज आणि उरलेल्या तुम्ही बायकोला न सांगता आणणार त्या. वर टर्नटेबल. रेडिमेडच हवं असेल तर आयकियाचं कॅलॅक्स आहे, चौकोन ३३ सेंटिमीटरचा, रेकॉर्ड अगदी मापात बसते, तुर्भ्याला जाऊन स्वतः एक कव्हर घालून बघा. त्याआधीचं एक्स्पेडिट त्यांनी २०१४ साली बंद केलं तेव्हा जगभरच्या रेकॉर्डवाल्यांनी केवढा आरडाओरडा केला होता, शेवटी चौकोन तेवढाच राहिला म्हणून शांत झाले. पण एका खान्याला कंपनीनं लिहिलेलं वजन १३ किलो आहे, म्हणजे पन्नासेक रेकॉर्ड्स. लोक सत्तर कोंबतात. मी कोंबत नाही.

राहिलं स्टायलिश दिसण्याचं. बघा, ब्राऊन कंपनीचे रेडिओ-टर्नटेबल डिझाइन करणारा डीटर राम्स, त्यानं १९६० मध्ये एक शेल्फ सिस्टीम केली, ६०६ नावाची, भिंतीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आणि त्यात पिनांनी हवी तिथे अडकवायच्या फळ्या. फीत्सो नावाची कंपनी ती आजही विकते आणि लोक त्याचे पैसे मोजतात. मी फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, अरे हे तर आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे! चॅनेल आणि ब्रॅकेट, तेच ते. मेडिकलवाल्यानं त्यावर जाहिराती चिकटवल्यात, राम्सनं काहीच चिकटवलं नाही, फरक तेवढाच. तुम्हीही काही चिकटवू नका. एकच रंग, प्लायच्या कडा उघड्या ठेवून पॉलिश, खाली चार इंची पाय. एलईडीची हौस असेल तर टर्नटेबलच्या वर लावा, सुई ठेवताना उपयोगी पडेल.

प्रश्न : मी हाउस, टेक्नोच्या बारा इंची सिंगल्स गोळा करतो, दीडशेवर झाल्या. ए टू झेड लावल्या, लेबलप्रमाणे लावल्या, तरी हवी ती सापडतच नाही. पुस्तकांसारखं का होत नाही यांचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कारण यांना पाठच नाही! पुस्तक शेल्फात ओळखतो आपण त्याच्या पाठीवरच्या नावावरून, एलपीलाही निदान तीन मिलिमीटरची पाठ असते, डोळे बारीक करून वाचता येते. पण बारा इंची सिंगल म्हणजे बहुतेकदा कंपनीचं साधं पातळ पाकीट, मध्ये गोल भोक, त्यातून दिसणारं लेबल हीच तिची ओळख. अशा दीडशे पाकिटांची रांग उभी केली की कोऱ्या वह्यांचा गठ्ठाच दिसतो. तुमची काहीच चूक नाही, शेल्फ चुकीचं आहे.

या रेकॉर्ड्स तोंड पुढे करून ठेवायच्या असतात. दुकानात रेकॉर्ड्स चाळतो ना आपण, दोन बोटांनी पुढे पाडत पाडत, तसा खोका करून घ्या. आतून रुंदी तेरा इंच, लांबी पंधरा इंच, मागची फळी तेरा आणि पुढची आठच इंच उंच, आणि तळ मागच्या बाजूला अर्धा-पाऊण इंच उतरता, म्हणजे रेकॉर्ड्स आपोआप मागे रेलून राहतात आणि पुढे कोसळत नाहीत. एका खोक्यात पन्नास-साठच. सत्तर भरल्या की चाळता येत नाहीत आणि चाळता येत नसतील तर खोका कशाला केला! तुमच्या दीडशेला तीन खोके लागतील. ते कमरेच्या जरा खाली येतील अशा टेबलावर ठेवा, किंवा खाली लॉकवाली चाकं लावलेली ट्रॉली करा. सुतार नवीन असेल तर कागदावर चित्र काढून द्या, मी तोंडी सांगितलं तेव्हा तो पुढची फळी उंच आणि मागची बुटकी करून घेऊन आला होता.

लावायच्या कशा, तर मी वेगाप्रमाणे लावतो, म्हणजे मिनिटाला किती ठोके (बीपीएम) ते बघून. पहिल्या खोक्यात ११०च्या आतलं, दुसऱ्यात १२०-१२५चं हाउस, शेवटच्यात १३०च्या पुढचं. पाकिटाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं बीपीएम लिहायचा, बॉलपेननं कधीच नाही, दाब दिला की आत उमटतं. घरी पाहुणे आले की मधला खोका काढायचा, गेले की पहिला.

आणि ४५च्या स्पीडवाल्यांवर एक छोटा ठिपका करून ठेवा. एक अख्खी बाजू मी एकदा ३३ वर ऐकली आणि ‘वा, काय डीप आहे’ म्हणत बसलो होतो.

प्रश्न : माझं वय ६८. आयुष्यभर शास्त्रीय ऐकत आलो. मुलगा दिवसभर इलेक्ट्रॉनिक ऐकतो, मला त्यात ठोक्यापलीकडे काही सापडत नाही. त्याच्या वाढदिवसाला रेकॉर्ड्स द्यायच्या आहेत. तुमच्या आवडीच्या सांगा, पण अशा की मलाही बसून ऐकवतील.
— एक वाचक, सांगली

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मी सरळ उठलो आणि एक रेकॉर्ड लावली, ती चालू असतानाच हे लिहितोय. चरणजीत सिंग. हिंदी सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवणारा मुंबईचा वादक. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक एलपी केली, दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर, भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती असं करत मालकंस, बैरागीपर्यंत. वाद्यं म्हणाल तर रोलंड कंपनीची तीन यंत्रं, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र आणि टीबी-३०३ हे बेसचं. गंमत या ३०३ ची आहे. बेस गिटारवाला नसेल तेव्हा त्याची जागा भरायला म्हणून ते काढलं होतं, त्या कामात ते सपशेल नापास झालं, दोन-तीन वर्षांत बंदही झालं. पण त्यात एक स्लाइडची सोय होती, एका सुरावरून दुसऱ्यावर तुटक उडी न मारता घसरत जायचं. आता हे तुम्हाला मी काय सांगू, आपण त्याला मींड म्हणतो! चरणजीत सिंगांच्या हाताला ते यंत्र बरोबर सापडलं.

तेव्हा ती रेकॉर्ड कोणी फारशी घेतली नाही. मग १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी, फ्यूचर या ग्रुपनं, हेच ३०३ पिळून ‘ॲसिड ट्रॅक्स’ काढला आणि त्यातून ॲसिड हाउस नावाचा अख्खा प्रकार उभा राहिला. त्यांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती असं अजिबात नाही, दोन टोकांना दोन माणसांनी एकाच डब्यातून तोच आवाज काढला, पाच वर्षं आधी आपल्याकडे. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलनं ती पुन्हा छापली तेव्हा जग चाट पडलं. २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी परदेशात जाऊन नव्या पिढीसमोर ती वाजवून आले.

फक्त बढतची अपेक्षा ठेवून बसू नका. ठोका पहिल्यापासून शेवटपर्यंत हलत नाही, समेवर येण्याची मजा नाही, तबल्याशी सवाल-जवाब नाही. आणि आपण मैफल भैरवीनं संपवतो, हा गृहस्थ भैरवीनंच सुरुवात करतो! पहिल्यांदा मला तेच खटकलं होतं. ललतपाशी थांबा मात्र, दोन्ही मध्यम त्या यंत्रातून एकामागून एक येतात तेव्हा काय होतं ते मुलाला शेजारी बसवून ऐका. त्याला मध्यम तुम्ही समजावा, ३०३ तो समजावेल.

याच्याही आधीचं हवं तर अहमदाबादला चला. तिथल्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर आला होता, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरनं येऊन स्टुडिओ लावून दिला, त्यात गीता साराभाईंचा मोठा हात होता. तिथे अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी केलेल्या टेप्स कित्येक वर्षं तशाच पडून होत्या, त्यातल्या निवडक २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ नावानं आल्या. संगीत म्हणून सगळं आवडेल असं नाही, काही ठिकाणी नुसती यंत्राशी झटापट आहे, पण १९६९-७०च्या अहमदाबादेत बसून माणसं हे करत होती या विचारानंच मजा येते.

बाहेरच्यांपैकी क्राफ्टवर्क घ्याच. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फचे. ‘आउटोबान’, १९७४, पहिली अख्खी बाजू एकच तुकडा, बावीस मिनिटांहून जास्त, मोटारीचा लांबचा प्रवास. तुम्हाला विलंबितची सवय आहे, तुम्ही पोराच्या आधी त्यात रमाल. जिचे ठोके पुढे सगळ्यांनी उचलले ती ‘कॉम्प्युटर वर्ल्ड’, १९८१. ब्रायन ईनोची ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ १९७८ची, टेपचे लहानमोठ्या लांबीचे तुकडे गोल जोडून फिरत ठेवलेत, त्यामुळे तेच सूर येत राहतात पण दर वेळी वेगळ्या जोडीनं भेटतात, तानपुरे लावून खोलीत दिवा मालवून बसल्यासारखं. ज्याँ-मिशेल जारची ‘ऑक्सिजेन’ १९७६ची, पॅरिसमधल्या घरातच, स्वयंपाकघरात स्टुडिओ मांडून केलेली, काकूंना हे जरूर सांगा.

आणि मुलासाठी म्हणून एक, एफेक्स ट्विनची ‘सिलेक्टेड ॲम्बियंट वर्क्स ८५–९२’. ती बहुतेक त्याला पाठ असेल, पण रेकॉर्डवर नसेल.

प्रश्न : गोव्यात असून माझ्याकडे जुन्या गोवा ट्रान्सची एकही ओरिजिनल रेकॉर्ड नाही. हणजुण्याच्या (अंजुना) त्या काळातल्या डीजेंच्या रेकॉर्ड्स कुठे मिळतील?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : फारशा नव्हत्याच, म्हणून मिळत नाहीत. हणजुण्याच्या किनाऱ्यावर वाजवणारे डीजे आधी कॅसेटवर आणि मग डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवायचे. रेकॉर्ड म्हणजे शेवटी पीव्हीसी, उन्हात तापली की मऊ पडते आणि वाकते, त्यात वाळू, खारा वारा, आणि विमानातून पेट्या आणायच्या म्हणजे वजन. खिशात मावणारी डॅट सोयीची. गोवा गिल तर शेवटपर्यंत डॅटवरच वाजवत राहिला, २०२३ मध्ये गेला. डॅटवर वेग कमी-जास्त करून दोन ट्रॅक जुळवणं कठीण, म्हणून एक संपवत दुसरा आणायचा, आणि ते लांबलचक सुरुवात-शेवटाचे ट्रॅक त्या सवयीला साजेसे झाले. रेकॉर्डवर जे आहे ते मुख्यतः नव्वदच्या दशकात युरोपातल्या लेबलांनी छापलेलं आहे, ते शोधा.

तुमच्याकडच्या हवेत एक करा, युनिट आणि भिंत यात दोन इंच जागा सोडा आणि मागची फळी लावूच नका. पाठ बंद असली की पावसाळ्यात कव्हरांच्या कडेला बुरशी आधी तिथूनच धरते. आणि घट्ट पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिथिनच्या घ्या.

प्रश्न : आजीच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्ड्स माझ्या टेक्नोशेजारी त्याच कप्प्यात ठेवल्या तर चालेल का? आणि धुऊ कशा?
— एक वाचक, अकोला

उत्तर : शेजारी नको. त्या लाखेच्या, दहा इंची आणि ठिसूळ, बारा इंचीच्या रांगेत मागे सरकतात आणि कोणीतरी रेकॉर्ड आत ढकलली की टचकन कपची उडते. वेगळा कप्पा, अकरा इंच उंचीचा, आणि गच्च भरायचा नाही. साफ करताना स्पिरिट किंवा अल्कोहोलवालं कुठलंही लिक्विड लावू नका, लाख विरघळते. आणि तुमच्या टेक्नोच्या सुईनं त्या वाजवू नका, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते.

प्रश्न : माझ्या युनिटमध्ये फक्त खालच्या रांगेतल्या कव्हरांना तळाशी पिवळट रेघ आलीय. वरची रांग कोरी. भिंतीला ओल नाही, प्लंबरला दाखवलं, वाळवीवाल्यालाही बोलावलं. काय असेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : युनिटला पाय आहेत का? नसणार. मग प्लंबरला सोडा आणि फरशी पुसताना बघा. ओलं फडकं रोज त्या खालच्या पट्टीवर आपटतं, पाणी फटीतून आत जातं, आणि कव्हरांचा पुठ्ठा ते शोषून घेतो. माझ्याकडे चार वर्षं हेच चाललं होतं आणि मी दोष देत होतो शेजाऱ्यांच्या बाथरूमला. चार इंची पाय लावून घ्या, आणि पुसणाऱ्या मावशींना आधी सांगा की आता खालूनही पुसावं लागेल, नाहीतर त्या युनिटच पुढे ओढतील, भरलेलं.